सोमवारचा स्टँडबाय

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. मालवाहू विमान चालवताना ते कधी तापलं नाही. तिथे धोक्याची घंटा वाजली तरी आम्ही शांतपणे यादी काढून एकेक ओळ वाचतो. तापायचं ते घरी. हक्काची माणसं तिथेच ना!

घर आमचं पांढरकवड्याला लागून, केळापुरात. विमान नागपुरात. मधे दीडशेक किलोमीटरचा रस्ता. लोक विचारायचे, नागपुरात बिऱ्हाड काहून नाही करत? कारण साधं होतं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तिची नोकरी पक्की. माझी कंपनी म्हणजे आज आहे, उद्या कुलूप. कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या भागात महिन्याला ठरलेला पगार येणारी घरं बोटांवर मोजावी इतकीच. तिनं ती नोकरी सोडावी असं म्हणायची माझीही हिंमत नव्हती. म्हणून मीच घरून ये-जा करायचो.

उड्डाण नसलेल्या काही दिवशी ‘स्टँडबाय’ लागायचा. म्हणजे घरीच बसा, पण फोनजवळ. कोणी वैमानिक ऐनवेळी आजारी पडला तर त्याच्या जागी आपण. फोन आल्यापासून तीन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. मला दोनदा उशीर झाला होता, एकदा पुरामुळे आणि एकदा पंक्चरमुळे. दोन्हीचे शेरे फायलीत होते. तिसऱ्या उशिराला नोकरी गेली समजा, असं मला लेखी कळवलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या वैमानिकाला तेव्हा दुसरी कंपनी दारातही उभं करत नव्हती.

आता एक भानगड समजून घ्या. आमचं वेळापत्रक छापून यायचं ते ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. रात्रीची वेळ असली की दिवससुद्धा पुढे सरकतो. हा हिशोब करून माझा सगळा महिना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर निळ्या पेनानं उतरवायचं काम बायकोचं. मग मी लाल पेन घेऊन तपासायचो. मास्तरीण ती, पण आमच्या घरात तपासनीस मी!

त्या सोमवारी सकाळी मी कापूस संकलन केंद्राच्या रांगेत, आमच्या ट्रॉलीवर बसलो होतो. बाबांनी दोन रात्री तिथेच काढल्या होत्या. रांगेत गाडीपाशी घरचं माणूस नसलं की नंबर मागे जायचा, ही तिथली रीत. मी चांगली झोप काढून सातला आलो आणि बाबांना आंघोळीला घरी पाठवलं. माझा स्टँडबाय मंगळवारी पहाटे चारपासून होता. आजचा दिवस मोकळा. पुढच्या ट्रॉलीवाल्याशी बोलत, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला शिव्या घालण्यात वेळ बरा चालला होता.

दहाला पाच कमी असताना आमची जुनी मारुती हिसके देत केंद्राच्या फाटकात शिरली. चाक बायकोच्या हातात! शाळेच्या मैदानाबाहेर तिनं ती गाडी कधी नेली नव्हती.

ती उतरली, ट्रॉलीखाली येऊन उभी राहिली. “कंपनीचा फोन आलता. नऊ चाळीसले. निघा लवकर.”

“आज? आज कायचा फोन? माझा स्टँडबाय उद्या आहे!”

“त्यायच्या कागदावर आज पहाटेपासून हाय. म्या सांगतलं, आंघोळीले गेलेत, निघतेतच.”

नऊ चाळीस म्हणजे बारा चाळीसपर्यंत नागपूर. डोकंच फिरलं. मी ट्रॉलीवर उभा राहून ओरडलो, “एक कॅलेंडर धड उतरवता येत नाही तुला? पोरांना काय गणित शिकवतेस मग? तुझ्या एका चुकीपायी माझी नोकरी चालली!”

रांगेतल्या चाळीसएक माणसांच्या माना वळल्या. तिच्या शाळेतल्या पोरांचे बाप होते त्यांत. पुढच्या ट्रॉलीवाल्यानं माझ्या पायाला हात लावून “जाऊ द्या ना भाऊ” म्हटलं. मी त्यालाही झटकलं.

तिनं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि माझ्या जागी कापसावर बसली. “युनिफॉर्म मागच्या सीटवर हाय. बाबा येईपर्यंत म्या बसतो. शाळेत निरोप धाडला.” एवढंच बोलली.

गाडीत इस्त्री केलेला शर्ट हँगरला टांगलेला होता. खांद्यावरच्या पट्ट्या लावलेल्या, बॅग भरलेली, वर डबा. पेट्रोलचा काटा अगदी वरपर्यंत. मी ते पाहिलं आणि तरी रस्ताभर तिलाच बोल लावत राहिलो.

करंजीच्या अलीकडे सगळं ठप्प. रास्ता रोको. बैलगाड्या रस्त्यावर आडव्या लावलेल्या, कापसाच्या भावासाठी घोषणा चाललेल्या, मागे ट्रकांची रांग. घड्याळात दहा पंचवीस. मी गाडीतच शर्ट बदलला. दहा पस्तीस झाले. ट्रकांच्या कडेकडेनं गाडी पुढे काढली आणि उतरून पळत बैलगाड्यांपाशी गेलो. खांद्यावर पट्ट्या पाहून दोन-तीन पोरं अंगावरच आली.

“ओ सायेब! कोणत्या खात्याचे?”

“कोणत्याच नाही बाप्पा. विमानाचा ड्रायव्हर आहे मी. वेळेत पोचलो नाही तर नोकरी जाते.”

“आमचा कापूस सडून राह्यला अन् याले इमान चालवाचं हाय!” एक जण हसला. बाकीचेही हसले. गाडी वळवावी म्हटलं तर मागे ट्रक लागलेले. आता संपलं, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं हात लांबवून माझ्या केसांतून कापसाचा पुंजका ओढून काढला आणि बोटांत चोळून पाहिलं. “हे कुठलं?”

“पांढरकवड्याच्या केंद्रावरचं. आमची ट्रॉली रांगेत आहे. तीन दिवस झाले.”

“मंग आता ट्रॉलीपाशी कोण हाय?”

“बायको,” मी म्हणालो.

म्हातारा त्या पोरांवर खेकसला, “सोडा रे त्याले! बाईमाणूस रांगेत बसवून आलाय.” चौघांनी एक बैलगाडी मागे रेटली. जेमतेम मारुती जाईल एवढी फट झाली.

घड्याळात दहा पंचेचाळीस. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. त्या दिवशी मी जशी गाडी हाकली तशी पुन्हा कधी हाकली नाही, हाकूही नये. बारा छत्तीसला रजिस्टरवर सही केली. चार मिनिटं राखून. ड्युटीवरचे साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, “वाचलात!”

नोकरी वाचली. माझा राग मात्र तसाच. चार दिवस शहरं बदलली, पण डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. घरी गेलो की ते कॅलेंडर तिच्यापुढे धरायचं आणि विचारायचं, हे काय लिहिलंस?

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. ती पोळ्या करत होती. बाबांचा कापूस मोजून झाला होता, ते ओसरीवर निजले होते. मी बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरलो आणि कॅलेंडर खिळ्यावरून ओढलं.

सोमवारच्या चौकोनात निळ्या पेनानं, तिच्या टपोऱ्या अक्षरात: स्टँडबाय, पहाटे ४ पासून. त्यावर लाल काट. तिथून मंगळवारकडे गेलेला लाल बाण. बाजूला माझ्या अक्षरात: दिवस बदलतो! कितीदा सांगायचं?

छापील रविवारचा सोमवार करून दिवस तिनं आधीच बदलला होता. बॅगेतलं वेळापत्रक काढून ताडून पाहायचे कष्टही न घेता मी तो दुसऱ्यांदा बदलला होता. तिथेच पाटावर बसलो.

“तुला माहीत होतं?”

“पक्कं नोयतं. वाटत होतं, माह्यं बरोबर हाय म्हणून.” तव्यावरची पोळी तिनं उलटली. “म्हणून रविवारीच शर्टाले इस्त्री मारली. कॅनीत पेट्रोल आणून गाडीत भरलं.”

“मग बोलली काहून नाहीस?”

“मांगच्या महिन्यात बोलली होती एकदा. तुमी म्हणाले, तू शाळा शिकव, इमान मले कळते.”

म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवला. पण ती ट्रॉलीखाली उभी असताना, मी चाळीस माणसांसमोर तोंड सोडत असताना, एका वाक्यात ती मला खोटं पाडू शकली असती. ते न करता ती वर चढून माझ्या जागी बसली होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

“चुकलो मी,” म्हणालो. “माफ कर मला.”

तिनं पोळी डब्यात ठेवली, दुसरी लाटायला घेतली.

“ओरडले तवा सारी रांग ऐकत होती,” ती म्हणाली. “आता इथं कोणीच नाही.”