फ्लेमिंगोच्या फोटोतून मी बाबांनाच पुसलं

मंडळी, दुपारपासून घरात तोंड लपवून बसलोय.

माझ्या भटकण्यावर कायम ओरडणारे बाबा आज पहिल्यांदाच माझ्यासोबत शिवडीला फ्लेमिंगो बघायला आले. वर माझा ट्रायपॉडही त्यांनीच उचलला! मी मध्येच एका घारीच्या मागे गेलो, मग चहाला. ते आपले धक्क्यावर पक्षी बघत उभे.

लालबागला घरी येऊन एडिटला बसलो. सगळ्यात भारी फोटोत कडेला बाबा होते, पाठमोरे. फ्रेम क्लीन हवी म्हणून त्यांना पुसून टाकलं. फोटो पोस्ट केला, लाइक्स यायला लागले, त्या खुशीत कॅमेऱ्याचं कार्डही फॉरमॅट मारलं, मूळ फोटोसकट.

बाबांनी फोटो मोठा करून पार कडेपर्यंत सरकवला.

"अरे, मी इथेच उभा होतो ना?"

"एडिट केलंय बाबा. क्लीन दिसतं जरा."

"हां हां. मध्येच आलो असेन तुझ्या."

शेजारच्या काकूंना ते आधीच सांगून आले होते, पोराने पक्ष्यांसोबत माझा फोटो काढलाय म्हणून.

कार्डावर त्यानंतर काहीच शूट केलेलं नाही. त्यातला फोटो परत आणता येतो का रे कोणाला? फ्लेमिंगो नाही आले तरी चालतील.