ढुम्मनवाला पिक्चर

चेतन मेला तेव्हा चौकातल्या बॅनरवर त्याचं नाव बारीक होतं आणि ढुम्मन मोठं होतं.

ढुम्मन हे नाव मी ठेवलेलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. मी कधी पोस्ट टाकत नाही, नुसती बघते. आज टाकतेय.

चेतन माझ्या काकांचा मुलगा. असोद्याला आमची घरं एकाच भिंतीची. मी चार महिन्यांनी मोठी, म्हणून मला ताई म्हण असा माझा हट्ट. तो म्हणायचा पण.

लहानपणी काकांच्या पेनड्राइव्हमध्ये एक कार्टून पिक्चर होता. हिंदीत डब केलेला. तळ्याच्या खाली राज्य असतं आणि भाऊ-बहीण मोठ्या माशावर बसून तिथे जातात. सुट्टीत रोज लावायचो. डायलॉग पाठ.

त्या राज्याच्या दरवाजावर एक बेडूक असतो. फुगलेला, डोळे बारीक. तोच ढुम्मन.

त्याचा एकच डायलॉग. "ढुम्मन को भूख लगी है!"

पाचवीत चेतनला किडनीचा त्रास सुरू झाला. जळगावच्या दवाखान्यातून आला तर तोंड एवढं सुजलेलं की डोळे दिसेनात. गोळ्यांनी भूक पण खूप लागायची.

आम्ही सगळी भावंडं ओट्यावर बसलेलो. तो आला आणि म्हणाला, "आई, काहीतरी खायला दे ना."

मी म्हटलं, "ढुम्मन को भूख लगी है!"

सगळे हसून हसून लोळले.

मी वर्गात हजेरी पण इतकी हळू द्यायची की सर गैरहजर लावायचे. कोणी नुसतं बघितलं तरी माझे कान गरम व्हायचे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर एवढे जण हसले.

म्हणून दुसऱ्या दिवशी परत म्हटलं.

चेतन पण हसला होता. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय.

महिन्याभरात गल्लीत त्याचं तेच नाव झालं. मग शाळेत. किराणावाला पण "काय ढुम्मनशेठ" म्हणायला लागला.

आठवीत त्याने शाळा सोडली. घरचे म्हणत, तब्येतीमुळे. मला तो म्हणाला, "ताई, घरी ते नाव कोणी ओरडत नाही ना."

मी नववीनंतर सोडली आणि बाबांच्या केळी वेफर्सच्या गाडीवर लागले. माझ्या वेळेला कोणी कारण पण विचारलं नाही.

तो गेला तेव्हा बॅनर गोट्याने छापून आणला. गोट्या त्याचा जिगरी. दवाखान्यात बाइकवर तोच घेऊन जायचा. वर सुजलेला फोटो, खाली एवढं मोठं ढुम्मन.

काकू अमळनेरकडची, अजून अहिराणीच बोलते. चौकात येऊन बॅनर बघितला आणि गोट्याला म्हणाली, "हाई नाव तूच ठेवं ना रे मना पोऱ्याले?"

गोट्या म्हणाला, "काकू, नुसतं चेतन लिहिलं अस्तं तं कोनाले कळलं नस्तं."

खरं होतं ते.

काकूने घरून विळा आणला आणि तेवढा शब्द कापून काढला. तेरा दिवस बॅनर तसाच होता, मधोमध भोक.

काकू कापत होती तेव्हा गोट्याने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं नाव कोणी ठेवलेलं. मी पण बघितलं.

मग आत गेले. कप धुवायचे होते.

वर्षभर काकूने गोट्याला उंबरा चढू दिला नाही.

आमच्याकडे वर्षाच्या दिवशी गेलेल्याच्या वयाचं कोणीतरी पितर म्हणून जेवायला बसवतात. पहिलं ताट त्याचं. काकूचा भाचा अमळनेरहून येणार होता. सकाळी फोन आला, तो येत नाही म्हणून.

मी आमच्या मागच्या खोलीत होते. मोबाइलवर तो पिक्चर शोधून लावला होता. मला वाटलेलं, मोठेपणी नीट बघितलं तर कळेल की ढुम्मन चांगला आहे. शेवटी सगळ्यांना वाचवत असेल. मी रडेन.

तसं काही नाही. मध्येच तो दरवाजा उघडून देतो आणि पोरं आत जातात. परत कोणी त्याचं नाव पण घेत नाही. पिक्चरवाले त्याला विसरूनच गेले.

आणि तो डायलॉग आला तेव्हा मला हसू आलं. मोठ्याने.

दारात काकू उभी.

"हाऊ तोच पिक्चर शे ना? दखाड माले."

मी मोबाइल दिला. काकूने स्क्रीन तोंडाजवळ धरली. बेडूक पोट खाजवत होता.

"आसा दिखे का मना पोऱ्या तुमले?"

मी म्हटलं, "काकू, ते नाव मी ठेवलं. गोट्याने नाही."

इतकं हळू बोलले की मला परत बोलावं लागलं. दोनदा.

"मंग वरीसभर बोलनी कसाले नही?"



काकूने मोबाइल माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "जाय, गोट्याले बलाई लय. पितरना ताटवर तोच बसी."

मी चप्पल घालत होते तेव्हा मागून म्हणाली, "आनि तू नको येजो जेवाले."

गोट्या चौकातच होता. मी म्हटलं, "काकूने बोलावलंय. मी सांगितलं तिला सगळं."

"आता सांगितलं व्हय?" तो म्हणाला. "मोठी बोलकी झाली तू."

नळावर हातपाय धुतले, शर्ट नीट केला आणि गेला. माझ्याकडे वळून पण बघितलं नाही.

आता भिंतीपलीकडे तो जेवतोय. काकू त्याला वाढत वाढत "आखो ले, आखो ले" म्हणतेय. मी इकडे बसून हे लिहितेय.

ते नाव गोट्याने ठेवलं असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांनी हे वाचा. त्याने काही केलं नव्हतं.

कमेंटमध्ये माझ्या भावाला चेतन म्हणा. दुसरं नाव कोणी लिहिलं तर मी काढून टाकेन.

चेतन, तुला श्रद्धांजली. भावपूर्ण लिहायचं तोंड नाही मला.