तो मेल मी डिलीट केला नाही

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं आणि पाचच मिनिटांत पल्लवी दारात उभी. हातात कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल, डोळे रडून सुजलेले...

पल्लवी किनवटकडची. आश्रमशाळेत शिकून लातूरला आली, दोन वर्षं आमच्या क्लासच्या हॉस्टेलवर राहिली आणि यंदा मेडिकलला नंबर लागेल एवढे मार्क घेतले. मी त्या क्लासच्या ऑफिसात काम करते. मुलांचे फॉर्म, दाखले, मेल आयडी, सगळं माझ्याच टेबलावरून जातं.

"मॅडम, माझी ॲडमिशन रद्द होऊन राहिली," असं म्हणून तिने मोबाईल पुढे केला.

मेल आमच्याच क्लासच्या नावाने आलेला. कागदपत्रं अपुरी आहेत, मंगळवारी पाचच्या आत खालच्या लिंकवर ॲडमिशनच्या साइटचा पासवर्ड टाका, नाहीतर सीट जाईल... वर आमचा लोगोसुद्धा. पण पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचला तर त्यात एक अक्षर जास्त होतं. असा मेल आमच्याकडून कुणीच पाठवला नव्हता.

"पासवर्ड टाकलास?"

"न्हाई. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

ऑफिसात मला सगळे 'स्पॅमवाली मॅडम' म्हणतात. आमच्या मेलला, मुलांना क्लासने काढून दिलेल्या आयडींनाही, फिल्टर आहे, फालतू मेल आपोआप बाजूला पडतात. पण काही निसटतात... आणि असा निसटलेला प्रत्येक मेल मी वर्षभर फिल्टरवाल्या कंपनीला पाठवत आलेय. नुसता फॉरवर्ड केला तर तो माझ्याकडूनच गेल्यासारखा दिसतो. अटॅचमेंट करून पाठवला की तो मुळात कुठून निघाला, कसा आला, याचा सगळा माग सोबत जातो. शेजारच्या टेबलावरचे गोविंदराव रोज म्हणतात, "कशाला एवढं डोकं लावता मॅडम? डिलीट मारा की."

नाही मारत मी डिलीट. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. दर आठवड्याला अफवा यायची, आज पुन्हा जमीन हलणार म्हणून. बाया भरल्या ताटावरून उठून लेकरं घेऊन पळायच्या. माझे अब्बा शिंपीकाम करायचे. ते मशीन थांबवून एवढंच विचारायचे, "किसने बोला?" मग त्या माणसाकडे जायचे, त्याला कुणी सांगितलं त्याच्याकडे जायचे... आणि शेवटी जो सापडेल त्याला सगळ्यांपुढे कबूल करायला लावायचे की मी नुसतं ऐकीव बोललो. अशा माणसाची मी पोरगी.

मेल सरांना दाखवला. सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. माणूस वाईट नाही, पण निकालाचे बोर्ड गावभर लागलेले...

"नसीम, डिलीट कर आणि विषय संपव. कंपनी-बिंपनीला काही पाठवू नको. आपल्या नावावर असलं चाललंय हे बाहेर गेलं तर पुढच्या बॅचला कोण येईल?"

"सर, पल्लवी विचारायला आली. जे विचारायला आले नाहीत त्यांचं काय?"

"पोरांना उगाच घाबरवशील."

"घाबरू द्या," मी म्हणाले.

टेबलावर परत आले आणि तो मेल अटॅचमेंट करून पाठवून दिला. मग थेट हॉलमध्ये गेले. तिथे मुलं कॉलेजांची यादी लॉक व्हायच्या आधी काय तपासायचं ते ऐकायला बसली होती. सर माझ्या मागोमाग दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत.

मेल खोटा आहे असं सांगून तो कुणाकुणाला आलाय विचारलं तर अर्ध्या हॉलने हात वर केले. पासवर्ड कुणी टाकला, विचारलं... सगळ्यांचे हात खाली. मी तशीच उभी राहिले. म्हटलं, मी रागवायला नाही आले, पण उत्तर मिळाल्याशिवाय जाणारही नाही.

शेवटच्या बाकावरून उदगीरची वैष्णवी उठली. "मी टाकला मॅडम. कालच. ओटीपी पण दिला."

तिला ओढतच कॉम्प्युटरपाशी नेलं. नशिबाने जुन्या पासवर्डने लॉगिन झालं. पण तिने भरलेली कॉलेजांची यादी बदललेली होती. वरची पाचही सरकारी कॉलेजं गायब, आणि पहिल्या नंबरवर एक लांबचं खासगी कॉलेज, जे तिने कधी ऐकलंही नव्हतं. यादी त्याच संध्याकाळी लॉक होणार होती...

आधी पासवर्ड बदलला. मग दोघींनी मिळून एकेक कॉलेज परत भरलं. माऊस मी धरला आणि नावं ती सांगत गेली. शेवटी मी तिच्याकडून यादी दोनदा मोठ्याने वाचून घेतली.

दुपारी कंपनीचं उत्तर आलं. एरवी छापील दोन ओळी येतात, या वेळी कुणीतरी खरंच बसून लिहिलं होतं. मेल कुठून सुटतात ते कळलं, तो रस्ता बंद केलाय, असे अजून आले तर असेच पाठवत राहा... बुधवारी तसलाच मेल थोडे शब्द बदलून पुन्हा आला. मी हॉस्टेलच्या मुलींचे मोबाईल बघितले. सगळ्यांचा स्पॅममध्ये पडला होता.

सर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. पल्लवीने मात्र अटॅचमेंट कशी करायची ते शिकून घेतलंय आणि आता ती हॉस्टेलवर इतरांना शिकवते.

माझं कौतुक करू नका, मी माझं काम केलं. कौतुक करायचं ते वैष्णवीचं. भरल्या हॉलमध्ये उभं राहून 'माझी चूक झाली' म्हणायला जिगर लागते. त्यावरून तिला कुणी हसलेलं माझ्या कानावर आलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.