बिब्ब्याचा डाग

आईच्या तळव्याला कुरूप झालं तेव्हा बिब्बा मीच लावला. तिनेच शिकवलेलं: बिब्बा सुईला टोचायचा, गॅसवर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. मागे काळा डाग राहिला. बिब्ब्याचा डाग राहतोच, आमच्याकडे त्याचं कुणाला काय! पुढे तो डाग मोठा होत गेला आणि मी दर रविवारी तिचे पाय चोळताना तो बघत होते. बघत होते हो, या डोळ्यांनी! वर तिलाच ओरडायचे, "घरात चप्पल घाल म्हटलं तर ऐकशील तर शपथ."

डागातून रक्त यायला लागलं तेव्हा सीवूड्सच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. आपल्या लोकांना तो तळव्यालाही होतो म्हणे. मी विचारलं, "बिब्ब्यामुळे झाला?" ते म्हणाले, "नाही. पण त्या डागामुळे कळायला उशीर झाला." हे दुसरं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?

जांघेत गाठ लागत होती, म्हणून सीटी स्कॅन करायचा ठरला. आजार पायापुरता असेल तर ऑपरेशन. आत पसरला असेल तर पाय कापून उपयोग नाही. हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईच्या डोक्यात एकच बसलं, पाय जाणार. "लंगडी करून कोपऱ्यात बसवू नका मला, त्यापेक्षा मेलेली बरी," स्कॅनला जाताना बेलापूर येईपर्यंत रिक्षात हेच चाललेलं.

स्कॅनवाल्याशीही ती भांडलीच. "अहो, दुखणं पायाला आणि फोटो छातीपोटाचा?" तो बिचारा म्हणाला, "आजी, पायाचं आत कुठे गेलंय का ते बघायचंय." बाहेर आली ती लाजतच. शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम होतं. "अगं, मला वाटलं कपड्यातच झाली," म्हणाली. आम्ही दोघी तिथे बाकावर बसून वेड्यासारख्या हसलो.

रिपोर्टला मी एकटीच गेले. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, दोन्ही फुफ्फुसांत ठिपके, यकृतातही. औषधं देऊ, म्हणाले. ऑपरेशन नको. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खारघरला घरी पोचले तर आई दारातच उभी. "कापणार?"

"नाही," मी म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात जोडले, रडायलाच लागली. मग मावशीला फोन. "अगं, पाय वाचला माझा! नाही गं, खरंच!" मावशीला पटेना. आईने फोन माझ्या हातात कोंबला. "घे, तूच सांग तिला."

मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "हो मावशी. पाय वाचला."