उरलेले चार ठिपके

चौथ्या सिटिंगला सहा आठवडे झाले होते. सिस्टर प्रणितानं माझ्या टेबलावर हात ठेवला. मी दिवा जवळ ओढला, आणि तिच्या मनगटावरचं स्वस्तिक आधीपेक्षा स्पष्ट दिसलं. मध्ये गोंदणाची हिरवट-काळी अधिकची खूण, आणि तिच्या टोकांना चार पांढरट रेघा. त्या रेघांमधली शाई मीच काढली होती.

"सर, हे त अजून उठून दिसून राहिलं," ती म्हणाली.

मी चष्मा पुसला.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रामदासपेठेत माझं छोटं क्लिनिक आहे आणि तिथं गोंदण काढायचं लेसर मशीन आहे. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसलेली असते. लेसर तिचे बारीक तुकडे करतो. ते तुकडे वाहून नेण्याचं काम पुढे शरीर करतं, आपल्या गतीनं. म्हणून हे एका दिवसात होत नाही. दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. माझ्याकडे बहुतेक भरतीला निघालेली मुलं येतात, किंवा हातावरचं नाव नकोसं झालेले लोक.

प्रणिता पहिल्यांदा आली ती ड्यूटी संपवून, एकटी. संमतिपत्रावर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना असतो. तिनं तिथं आडवी रेघ मारली. माझ्या ते लक्षात राहिलं. बायको गेल्यानंतर माझी अँजिओग्राफी झाली, तेव्हा मीही त्या रकान्यात तशीच रेघ मारली होती.

"काढायचं काहून?" मी विचारलं.

"जर्मनीत नोकरी लागली सर. तिथल्या हॉस्पिटलनं सांगितलं, हे घेऊन येता येणार नाही."

"फुल बाह्या घाला."

"वॉर्डात कोपराच्या खाली काहीच चालत नाही. घड्याळही नाही. इन्फेक्शनचा नियम आहे."

मला राग आला. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीचा नंबर घेऊन मी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या माणसाला सांगितलं, की हे हजारो वर्षांचं शुभचिन्ह आहे. जैन मंदिरात आहे, बुद्धाच्या मूर्तींवर आहे, माझ्या क्लिनिकच्या दारावर आहे. कोणी एका राजवटीनं ते तिरकं करून झेंड्यावर लावलं, त्याचा दंड आमच्या मुलींनी का भरायचा?

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथं प्रत्येक बेडजवळ समजावून सांगायला तुम्ही येणार का?"

मी फोन ठेवला. मग प्रणिता बोलायला लागली. तिचा जर्मन भाषेचा क्लास ऑनलाइन होता. शिकवणाऱ्या तिथल्याच एक वयस्क बाई होत्या. एकदा उत्तर द्यायला तिनं हात वर केला आणि बाई बोलता बोलता थांबल्या. क्लास संपल्यावर त्यांनी तिला एकटीला थांबवलं. त्यांच्या आजीच्या बहिणीला ज्यांनी घरातून नेलं, त्यांच्या बाहीवर हेच चिन्ह होतं. ती बहीण परत आली नाही.

"त्या रागावल्या नाहीत सर. तुझं चिन्ह वेगळं आहे हे मला माहीत आहे, म्हणाल्या. पण नजर हातावरच जात होती त्यांची. तेव्हापासून मी हात टेबलाखाली ठेवून क्लास करून राहिली."

हे गोंदण तिच्या आईनं करवून घेतलं होतं. प्रणिता तेव्हा नऊ वर्षांची होती. जत्रेत गोंदणारी बसली होती. आईच्या हातावर होतं तसंच, चार घरांत चार ठिपके असलेलं. "हरवली त ओळखू येशीन," आई म्हणाली होती. आता आई नव्हती. वडील त्याआधीच गेले होते.

मग मला एक युक्ती सुचली. सगळं कशाला काढायचं? टोकांच्या चार वळलेल्या रेघा तेवढ्या काढू. मध्ये अधिकची खूण राहील. दवाखान्याचंच चिन्ह आहे, त्याला कोण नाही म्हणेल? मी कागदावर काढून दाखवलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आईचं थोडंतरी राहीन."

तीन सिटिंग व्यवस्थित झाल्या. तेवढ्यात जॉइनिंगची तारीख अलीकडे आली. चौथ्या वेळी मी मशीनची ऊर्जा जरा वाढवली. आपल्या सावळ्या त्वचेत हे जपून करायचं असतं, कारण जास्त ऊर्जेनं शाईसोबत त्वचेचा स्वतःचा रंगही उडतो. मला ते माहीत होतं, तरी मी केलं. म्हणून त्या पांढऱ्या रेघा.

"चूक माझी आहे," मी तिला सांगितलं. "हा रंग बहुतेक परत येईल, पण महिने लागतील. आत्ता इथं काही करणं बरोबर नाही."

"आणि जॉइनिंग?"

मी हॉस्पिटलच्या नावानं पत्र लिहून दिलं, चूक माझी असल्याचं नमूद करून. त्यांनी जागा ठेवली, पण सहा महिने पुढे ढकललं. तिच्यासोबत निवड झालेल्या दोघी निघून गेल्या. हॉस्टेलच्या तीन पलंगांच्या खोलीत ती एकटी उरली. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वेळी तिनं स्वतःच सांगितलं, "मधलंही काढून टाका सर."

यावेळी मी घाई केली नाही. कमी ऊर्जा, जास्त अंतर. ती दिवसाची शेवटची पेशंट असायची. काम झाल्यावर मी दोन कप चहा करायचो. आम्ही फार बोलायचो नाही. ती खिडकीतून खालची ट्रॅफिक पाहायची, मी तिची फाइल लिहायचो. ती गेली की कप मीच धुवायचो.

एकदा तिनं विचारलं, "सर, त्या हॉस्पिटलची बंदी बरोबर आहे का?"

पहिल्या दिवशी विचारलं असतं तर मी लगेच नाही म्हणालो असतो. "त्या बाईंची भीती खरी आहे," मी म्हणालो. "आणि तुमच्या आईनं प्रेमानं केलं, हेही खरं आहे. दोन्हीला पुरेल असा नियम मला तरी लिहिता येणार नाही."

तिनं चहा संपवला. तिला काय वाटलं ते कळलं नाही.

शेवटच्या सिटिंगला अधिकची खूण जवळजवळ गेली होती. पांढऱ्या रेघांतही रंग भरत आला होता. मी ठिपक्यांवर मशीन नेणार, तेवढ्यात तिनं हात मागे घेतला.

"हे राहू द्या."

"हॉस्पिटल?"

"चार ठिपक्यांले कोण काय म्हणन, सर?"

हॉस्पिटलनं फोटो मागवला, पाहिला आणि हरकत नाही असं कळवलं. ती गेली. निघायच्या दिवशी क्लिनिकवरून जाईल असं मला उगाच वाटलं होतं. तिला वेळ झाला नसावा.

हिवाळ्यात तिचा मेसेज आला. 'इथं सगळे विचारतात हे चार ठिपके काय आहेत. मी सांगते, जन्मखूण.' मी उत्तर लिहिलं, खोडलं, आणि मग फक्त 'हातावर थंडीत क्रीम लावत जा' एवढंच पाठवलं.

तिच्या फाइलवर मी 'गोंदण अपूर्ण काढले, पेशंटच्या इच्छेनुसार' असा शेरा लिहिला आहे. आणि एक सवय लावून घेतली आहे. काय जाईल ते पेशंटला ठाऊक असतं, तेच सांगायला तो आलेला असतो. काय उरेल ते मी आता आधी कागदावर काढतो, पांढऱ्या डागांसकट, आणि त्याखाली सही घेतो.