महालक्ष्म्यांच्या आधीच्या गोळ्या

घराण्याचा वारसा जपावा लागतो, असं आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी फेटा बांधून सांगतं. आम्हा बहिणींचा वारसा कुणी न जपताही टिकला. रक्तात गुठळ्या होऊ न देणारं एक प्रथिन आमच्यात जन्मतःच कमी आहे.

हे कळलं गेल्या वर्षी, लातूरला. महालक्ष्म्यांच्या दिवसांत अडचण नको म्हणून माझ्या धाकट्या बहिणीनं पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या. निम्मी गल्ली घेते. मग तिचं डोकं दुखायला लागलं. घरच्यांनी पित्त ठरवलं, शेजारणीनं दृष्ट काढली. पोळ्या लाटताना झटका आला, तेव्हा कुठे दवाखाना. मेंदूतल्या शिरेत गुठळी होती. बहीण वाचली, उजवा हात अजून जड आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळीचं निमित्त झालं, दोष रक्तात आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा."

माझ्यात दोष निघाला. बहिणीच्या लेकीची तपासणी लग्नाच्या गडबडीत राहिली होती, आता कुठे रक्त दिलेलं, रिपोर्ट यायचा होता. तिचं नुकतंच लग्न झालेलं, सासर कंधारचं. यंदाच्या महालक्ष्म्या जवळ आल्या तसा मी नांदेडहून तिला फोन केला. सासूला ती आत्याबाई म्हणते. ती हळूच म्हणाली, "मावशी, आत्याबाईंनी गोळ्या आणून ठेवल्यात. उद्यापासून घे म्हणाल्या."

"घेऊ नकोस."

"तू सांग ना त्यांना. माझं कोण ऐकतंय?"

सकाळच्या एसटीनं निघाले. वाटेत दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. त्या रस्त्याला इतके खड्डे असतात हे मला त्या दिवशी जाणवलंच नाही.

गोळ्यांचं पाकीट देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी होतं. न फोडलेलं. मी खाली बसले.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ताई, आमचा जल्म गेला ह्या गोळ्या खाऊन. काय झालं आमाला?"

"तुम्हाला नाही झालं, विहीणबाई. माझ्या बहिणीला झालं."

"ते नजरंचं व्हतं. सगळ्या लातुरात बोलून राहिले व्हते लोक."

मी शिरा, गुठळ्या, प्रथिन असं सगळं सांगितलं. त्या सुपारी कातरत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "बरं. पण झटका आला तर ऐन जेवणाच्या दिवशी येईल. घरभर सवाष्णी बसलेल्या असतील."

अडकित्ता थांबला.

"पंगतीत?"

"पंगतीतसुद्धा येऊ शकतो."

त्या उठल्या, पाकीट उचललं आणि सुनेला म्हणाल्या, "जा गं, मेडिकलवाल्याला वापस देऊन ये. न्हाई घेतलं तर फेकून दे."

रिपोर्ट सणाच्या आदल्या दिवशी आला. दोष तिच्यातही होता. पाळी जेवणाच्याच दिवशी आली. सून बाजूच्या खोलीत बसली, सासूबाईंनी सगळा स्वयंपाक एकटीनं केला. महालक्ष्म्या जेवल्या, दुसऱ्या दिवशी गेल्या. आंबील पातळ झाली होती.