गुरुवारी आलेली शुक्रवारची बातमी

यिलिकाल सरकारी वृत्तपत्र कंपनीचा प्रमुख झाला, तेव्हा घरी कुणाला आनंद झाला नाही. बायको असेलेफेचनं कॉफीचे दाणे भाजता भाजता एवढंच विचारलं, "आधीचे दोघे कुठे आहेत?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. दोघांनाही कचेरीतूनच गाडीत घालून नेलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी तो तिथे मुद्रितं तपासायला लागला, तेव्हा अदिस अबाबात सम्राटाचं राज्य होतं आणि प्रमुख होते मेकुरिया. थोरले म्हणून सगळे त्यांना गाशे म्हणत. बातमी लिहायला त्यांनीच त्याला शिकवलं. पुढे क्रांती झाली, लष्कराचं राज्य आलं, गाशेंना घरी बसवलं; नेलेले ते दोघे त्यांच्यानंतरचे. यिलिकाल चढत गेला, कारण तो कमी बोलायचा.

रोज दुपारी मंत्रालयातून मोहरबंद पाकीट यायचं. आतलं जसंच्या तसं छापायचं. एका गुरुवारी आत दोनच ओळी होत्या: 'माजी वृत्तपत्रप्रमुख मेकुरिया वोल्दे यांचे शुक्रवारी सकाळी हृदयविकाराने निधन झाले. वय सदुसष्ट.'

त्यानं मंत्रालयात फोन लावला. "कॉम्रेड, तारखेत काही चूक झालीय का?"

"शनिवारच्या अंकात घ्यायचंय. चूक नाही."

यिलिकाल उठला आणि आडवाटेनं चालत गुलेले वस्तीत गाशेंच्या घरी पोचला. गाशे एकटेच अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी कागद वाचला.

"वय चुकलंय. चौसष्ट हवं. तपासलं नाहीस?"

"गाशे, थट्टा पुरे. माझा मेहुणा आत्ता ट्रक घेऊन गोंदरला निघतोय. तिथून सुदानची हद्द जवळ आहे. उठा."

"आणि तुझं?"

"मी छापणार आहे."

गाशेंनी कागदाची घडी करून त्याच्या हातात परत दिली. "छाप. नाही छापलंस तर तूच फोडलंस हे त्यांना कळेल. आणि एकदा छापून आलं, की मेलेल्याला उघडपणे शोधणार कसं?"

शुक्रवारी शिपाई आले ते रिकाम्या घरात. तरी बातमी थांबवा म्हणून कुणी फोन केला नाही. शनिवारी ती छापून आली. छापखान्यातले जुने खिळेजुळारी यिलिकालच्या खोलीत येऊन रडले. त्यानं खाली मान घालून सांत्वन स्वीकारलं.

मग तो वाट बघत राहिला. खाली गाडी थांबली की हातातला पेन थांबायचा. कुणीच काही विचारलं नाही. एका समारंभात मात्र मंत्रालयातल्या एका साहेबानं त्याचा हात हातात धरून ठेवला. "कॉम्रेड, तारखा फार बारकाईनं बघता म्हणे तुम्ही," तो म्हणाला आणि हसून पुढे गेला.

अशी चौदा वर्षं गेली. ते सरकार कोसळलं. नवे लोक कचेरीत आले, त्यांनी जुने अंक उपसले. चौकशी अधिकाऱ्यानं तो शनिवारचा अंक पुढे ठेवला.

"हे तुम्ही छापलंत?"

"हो."

"माणूस जिवंत होता, माहीत होतं?"

"होतं. मीच त्यांना बाहेर काढलं."

"साक्षीदार?"

गाशे सुदानमध्ये, खार्टूमला वारले होते. त्यांचं आलेलं एकमेव पत्र यिलिकालनं वाचून लगेच जाळलं होतं. मेहुणा लढाईत मारला गेला होता.

"असं आता सगळेच सांगतात," अधिकारी म्हणाला. "कोट घाला."

असेलेफेच सात महिने तुरुंगाच्या फाटकावर इंजेरा भाकरीचा डबा पोचवत होती. आठव्या महिन्यात पहारेकऱ्यानं डबा न उघडताच परत केला आणि उद्यापासून आणू नका म्हणाला.